मयतीचा बर्फ

वहिनी गेली त्या सकाळी आमच्या दारात सगळ्यांच्या आधी पोहोचला तो बर्फ. भटजींना निरोप जायचा होता, माहेरी वर्ध्याला कळवायचं होतं, तिचा मुलगा निखिल पुण्याहून निघायचा होता, आणि इकडे रायपुरात, तात्यापारा भागातल्या आमच्या गल्लीत मनहरण बर्फवाल्याचा ठेला येऊन उभासुद्धा राहिला. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या, वर लाकडाचा भुसा, खाली रस्त्यावर पाण्याची टपटप. शेजारच्या कोणीतरी फोन केला होता. आजकाल काचेच्या थंड पेट्या मिळतात मयत ठेवायला, पण उन्हाच्या त्या दिवसांत शहरात एकही पेटी रिकामी नव्हती… यावरून काय ते समजा. मनहरणने गमछ्याने तोंड पुसलं आणि त्याच्या नेहमीच्या सुरात विचारलं, "मिट्टी कितने बजे है, दीदी?" मिट्टी म्हणजे अंत्यविधी. त्याच्या वेळेवरून तो किती लाद्या उतरवायच्या ते ठरवतो. संध्याकाळी, मी म्हटलं. याच माणसाला माझी वहिनी प्रत्येक उन्हाळ्यात एकेका लादीसाठी फोन करायची, आणि आज तिच्यासाठी शेजाऱ्याच्या एका फोनवर ठेलाभर बर्फ हजर होता. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि हे मी त्याच रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना शांत, हळवं काही वाचायचं असेल त्यांनी पुरवणीचं पान उलटावं.

सुनंदा वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. रायपूरच्या एका सरकारी रुग्णालयात ती नर्स होती, आणि नोकरीचा बहुतेक काळ तिने कॅज्युअल्टीत काढला… अपघात, भाजलेले, साप चावलेले, ऊन लागलेले, सगळे जिथे आधी येऊन पडतात तिथे. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी काय होणार आहे, ते उद्या पुन्हा शोकसभा घेतील. नणंद-भावजयीचं जमत नाही असं म्हणतात. आमचं जमायचं, कारण दोघीही कजाग. मी शाळेत पोरांवर ओरडायची, ती कॅज्युअल्टीत नातेवाईकांवर. पत्त्यांत ती सर्रास लबाडी करायची आणि पकडली गेली की म्हणायची, "मंगल, तुले दिसते कमी, चष्मा बदल." दादाने तिच्याशी वाद घालणं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडलं, आणि तो सुखी झाला.

तिचा हात मला पहिल्यांदा कळला तो माझ्याच हातावरून. माझं लग्न नुकतंच झालेलं, मी माहेरपणाला आलेली, मनगटापासून वर हिरवा चुडा. सदर बाजारात दादाच्या स्कूटरवरून पडले आणि मनगट मोडलं. घरी आणेपर्यंत हात फुगायला लागला होता. वहिनीने आधी माझी बोटं बघितली, नखं दाबून सोडली, "मुंग्या येऊन राह्यल्या का?" विचारलं, आणि सरळ ओला रुमाल गुंडाळून बांगड्या एकेक फोडायला घेतल्या. आई मध्ये पडली. नव्या नवरीचा चुडा, असा कोणी फोडतं का, आधी हाडवैद्याला दाखवू. वहिनी तेव्हा स्वतः या घरात नवी होती. खाली मान घालून बोलायचे दिवस. ती मानही वर न करता म्हणाली, "आई, पोरीचा हात वाचला तं बांगड्या पुन्हा भरता येतीन. हातच काळा पडला तं कशात भरान?" आई बाजूला सरकली. मी मात्र रडत होते, दुखण्यापेक्षा चुड्यासाठीच जास्त. तर मलाही ऐकवलं, "तू काहून रडून राह्यली? मनगट मोडलं, नवरा शाबूत आहे." हे तिचं सांत्वन. याहून गोड तिला कधी बोलता आलं नाही, पण माझी पाचही बोटं आज ही ओळ लिहिताहेत.

आमच्याकडचं ऊन बाहेरच्यांना सांगून कळत नाही. नौतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की दुपारी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गटारीत जाऊन बसतं. लोक खिशात कांदा ठेवतात, बासी म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात खाऊन निघतात, कैरीचं पन्हं पितात, आणि तरीही गवंडी, हमाल, भट्टीवरचे कामगार उभ्या उभ्या कोसळतात. ऊन लागणं म्हणजे थोडी चक्कर, पाणी शिंपडलं की झालं, असं लोकांना वाटतं. वहिनी सांगायची की माणूस तापला, बडबडायला लागला, स्वतःचं नाव चुकीचं सांगायला लागला की समजा आत मेंदू शिजून राहिला आहे. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, तापाची गोळी द्यायची नाही, त्याला आहे तिथे थंड करायचं, आणि बर्फाच्या पाण्याइतकं लवकर काहीच थंड करत नाही. "आधी थंड, मंग पर्ची," हे तिचं कॅज्युअल्टीतलं वाक्य होतं. पर्ची म्हणजे खिडकीवर रांग लावून काढायचा केसपेपर. तो आल्याशिवाय रोग्याला हात लावायचा नाही असा तिथला रिवाज, आणि तो तिने निदान उन्हाच्या रोग्यांपुरता मोडून काढला होता.

तिच्या ताडपत्रीचा जन्म मात्र दवाखान्यात नाही झाला, लग्नाच्या मांडवात झाला. आमच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं, भर मे महिन्यात, भर दुपारी वरात. धुमाल म्हणजे वरातीतले ढोल-ताशे वाजवणाऱ्यांतला एक माणूस गळ्यातल्या ढोलासकट आडवा झाला. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि तोंडाने काहीतरी असंबद्ध. लोक त्याला उठवून बसवत होते, कोणी कांदा हुंगवत होतं. वहिनी पैठणी खोचून धावली. मांडवाच्या कडेला पडलेली एक ताडपत्री ओढली, तिच्यावर त्याला निजवलं, चार वऱ्हाड्यांना चार कोपरे धरून उचलायला लावलं, झोळी झाली तशी म्हणाली, "बर्फ आना." बर्फ होता तो वरपक्षाच्या मठ्ठ्याच्या पिंपांभोवती. तिने तोच आणवला. सगळा. पाण्यासकट झोळीत ओतला, त्याचं डोकं तेवढं स्वतःच्या हातात वर धरलं, आणि सुटाबुटातली चार माणसं ती झोळी हलवत उभी… एक तर प्रत्यक्ष नवऱ्या मुलाचा मामा होता. थोड्या वेळाने तो धुमालवाला डोळे उघडून म्हणाला, "मोर ढोल कहाँ हे?" माझा ढोल कुठे आहे. मग कुठे त्याला रुग्णालयात पाठवलं. व्याह्यांना मठ्ठा कोमट प्यावा लागला. बिलासपूरला ते आजही सांगतात की रायपूरवाल्यांनी मानपान ठेवला नाही. ऐकून वहिनी म्हणाली, "खरं आहे. मठ्ठा गारच पाह्यजे." आणि दुसऱ्या दिवशी गुढियारीला जाऊन, मालधक्क्याजवळ ट्रकवाले घेतात तसली जाड निळी ताडपत्री विकत घेऊन आली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात ती ताडपत्री तिच्या स्कूटीवरून कॅज्युअल्टीत जायची आणि पाऊस लागला की धुऊन, वाळवून, घडी करून घरी कपाटावर यायची. डॉक्टर तिच्या बाजूचे होते, हे मला सांगायलाच हवं. तरुण पोरं असायची, कोपरे धरायला स्वतः यायची. ताडपत्रीचं भागलं. अडायचं ते बर्फावर. ती सकाळी मनहरणकडून पदरमोड करून लादी मागवायची. त्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मिट्टी कितने बजे है, दीदी?" कारण या शहरात रुग्णालयाच्या पत्त्यावर अख्खी लादी मागवतात ती मयतीसाठीच. वहिनीचं उत्तरही ठरलेलं, "मिट्टी नहीं है, भैया. न हो, इसलिए मंगा रही हूँ." पण कॅज्युअल्टीत बर्फ ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या टबात ठेवलेली लादी दुपारपर्यंत पाणी होऊन जायची, आणि उन्हाचे रोगी येतात ते नेमके दुपारी. तिला एकच गोष्ट हवी होती. मोठा, जाड भिंतींचा, झाकणाचा एक बर्फाचा डबा. बस. मशीन नाही, एसी नाही, डबा. दर वर्षी ती अर्ज करायची आणि दर वर्षी कार्यालयातून तेच सांगायचे, की बर्फ ही वस्तू उपचाराच्या खर्चात बसत नाही. शवागाराच्या खर्चात बसते. तिथली यंत्रं वरचेवर बंद पडायची, म्हणून मेलेल्यांसाठी बर्फ मंजूर होता. हे मी रचून सांगत नाही. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं, ती हसली नव्हती.

आणि मग तो दिवस. शाळेला सुट्ट्या होत्या, दादाला बरं नव्हतं, म्हणून तिचा डबा घेऊन मी गेले होते, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. बीरगांवचा लखन नावाचा एक तरुण माणूस, कुठल्याशा कारखान्यात भट्टीवर कामाला. साथीदारांनी ऑटोत घालून आणला होता. कातडी लाल, कोरडी, डोळे फिरलेले, मध्येच झटके. सोबत त्याची बायको, पदराने वारा घालत होती. सकाळची लादी वितळून गेलेली. वहिनीने ओली चादर, पंखे, जे होतं ते सगळं लावलं आणि एका हाताने मनहरणला फोन लावला. तो म्हणाला, "दीदी, मैं तो आप ही के अस्पताल में खड़ा हूँ. मुर्दाघर के सामने." सदर बाजारातल्या एका व्यापारी घरातले म्हातारे गृहस्थ वारले होते, मुलगी परदेशातून यायची होती, आणि त्यांच्यासाठी मागवलेला बर्फ ठेल्यावर होता. म्हाताऱ्यांचा देह अजून आत होता, कागदपत्रं चालली होती. वहिनी चालत गेली नाही, पळत गेली. त्यांच्या मुलांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ठेला मात्र कॅज्युअल्टीच्या दारात आला. ढकलत होते वहिनी आणि मनहरण.

दारात लखनच्या बायकोने ठेला ओळखला. तो कुठून आला ते तिने पाहिलं होतं. ती नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. "मुरदा के बरफ ला झन लगाव, दीदी, मर जाही." मयतीचा बर्फ लावू नका, मरेल तो. वहिनी खोटं बोलू शकली असती. दुसरीकडचा आहे, बाजारचा आहे, काहीही. तिला ते सुचलंच नाही, किंवा सुचलं तरी जमलं नाही, ही तिची त्या दिवशीची चूक, आणि मी तिला ती पुढे कितीदा तरी ऐकवली. तिने बाईला हाताने बाजूला केलं आणि म्हणाली, "मुर्दा अभी इस पर सोया नहीं है, बाई. तेरा आदमी पहले सोएगा." ताडपत्री पसरली. दुर्गेश्वरी म्हणून तिच्या हाताखाली तयार झालेली एक तरुण नर्स आहे, तिने टोच्याने लादी फोडली. डॉक्टर, वॉर्डबॉय, लखनचे दोन साथीदार, सगळ्यांनी झोळी धरली. मी डबा खाली ठेवून एक कोपरा धरला होता. हात बधिर झाले. वहिनी त्याच्या कानाशी एकच विचारत होती, "नाम बता. नाम बता अपना." किती वेळ गेला कोण जाणे… आणि मग त्या झोळीतून एक दातखिळी बसलेला आवाज आला, "लखन." बायको भिंतीशी बसून रडायला लागली. वहिनीने फक्त मान हलवली आणि म्हणाली, "आता पर्ची काढून आना."

तोवर बाहेर गर्दी जमली होती. म्हाताऱ्यांचा मुलगा ओरडत होता, की बाबूजींच्या नावाने आणलेला बर्फ, आणि तो कोण कुठल्या माणसावर ओतला. कोण कुठला, हे शब्द मी कानांनी ऐकले. दुसरा बर्फ थोड्याच वेळात आला, बाबूजींना काहीही कमी पडलं नाही. पण कोणीतरी फोनवर चित्रण केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात ठळक मथळा, मुर्दे का बर्फ ज़िंदे पर. चौकशी बसली. तक्रारदारांच्या भावना दुखावल्या, रोग्याच्या नातेवाइकांच्या मनाविरुद्ध उपचार झाला, रुग्णालयाची बदनामी झाली. वहिनीने विचारलं, "साहब, मरीज़ ज़िंदा है, ये कहीं लिखोगे क्या?" त्यावर चौकशी करणारे गृहस्थ म्हणाले, "मरीज़ बचा या नहीं, मुद्दा यह नहीं है." मुद्दा हा नव्हता. मी हे वाक्य पुष्कळदा मनात घोळवून पाहिलं आहे, त्याला दुसरा काही अर्थ निघतो का म्हणून. निघत नाही. वहिनीची बदली डोळ्यांच्या वॉर्डात झाली. तिथे मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालत तिने दोन उन्हाळे काढले, आणि ताडपत्री कपाटावर राहिली.

लखन चौकशीत साक्षीला आला नाही. भट्टीवर असताना पडलो असं बोललास तर काम गेलं समज, असं ठेकेदाराने त्याला सांगितलं होतं. त्याची बायको मात्र पुढे एकदा घरी आली, कोहळ्याची बडी, म्हणजे आपले सांडगे, घेऊन. दारातच उभी राहून म्हणाली, "उस दिन मैंने मना किया था, दीदी." वहिनी म्हणाली, "मना तो सबने किया था. तू अंदर आ, बैठ." ती गेल्यावर बडीची भाजी केली, आणि तिखट कमी आहे म्हणून वहिनीने बडीवालीलाही नावं ठेवली. मी त्या दिवशी चिडून विचारलं होतं, "वहिनी, तुले राग नाही येत का?" तिने भाकरी मोडता मोडता सांगितलं, "येते नं. पण राग करून लादी थोडीच वितळाची थांबते." पुढे एका उन्हाळ्यात रोगी इतके वाढले की तिला मुकाट्याने परत कॅज्युअल्टीत बोलावलं. माफी नाही, चौकशीचा शेरा मागे घेणं नाही. आणि डबाही नाही. ती मात्र ताडपत्री घेऊन गेली.

ती गेली हृदयविकाराने. सकाळी ओट्यापाशी, चहा गाळता गाळता. दादाने हाक मारली, उत्तर आलं नाही. जिने इतक्यांना परत आणलं तिने स्वतःला हात लावायचीसुद्धा कोणाला संधी दिली नाही, आणि यावरही मला राग आहे. त्या सकाळी मनहरणला उत्तर देऊन मी आत आले तर बैठकीत लोकांनी तयारी केली होती. बर्फाचं पाणी घरभर होऊ नये म्हणून कोणीतरी खाली काहीतरी अंथरलं होतं. निळं, जाड. कपाटावरची ताडपत्री. नौतपा लागायचा होता, म्हणून अजून घरीच होती ती. मी किंचाळले की काय मला आठवत नाही, दादा म्हणतो किंचाळलीस. मी ती ओढून काढली आणि म्हणाले, फरशी ओली होऊ द्या, घर वाहून जाऊ द्या, ही नाही. बायकांनी जुन्या चादरी आणून अंथरल्या. नणंदेचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल, वाटो.

निखिलला लवकरचं विमान मिळालं, संध्याकाळी व्हायचा होता तो विधी दुपारीच आटोपला. घाटावरून पुरुष परतले, अंघोळी झाल्या, आणि अंगणात दोन लाद्या तशाच उरल्या होत्या, गोणपाटातल्या, कोऱ्या, कुठल्याच मयताला न लागलेल्या. मयतीच्या नावाने आलेला बर्फ परत घेत नाहीत, वापरत नाहीत, नालीत ढकलून देतात. शेजारीण तेच करायला निघाली होती. मी निखिलला म्हटलं, "ई-रिक्षा आण." तो आमच्या घरातल्या सगळ्या नव्या पोरांसारखा मराठीला हिंदीत उत्तर देतो. म्हणाला, "बुआ, आज? अभी तो मम्मी को…" आणि तिथेच थांबला. मग ई-रिक्षा घेऊन आला. लाद्या, ताडपत्री आणि आम्ही दोघं. कॅज्युअल्टीच्या दारात दुर्गेश्वरी आली, तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की तिला बातमी आहे. तिने विचारलं, "कहाँ के बरफ हे, दीदी?" मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "सिस्टर के घर का. मिट्टी के लिए आया था, बच गया." आत एक बाई होती, छताचा स्लॅब टाकत असताना घमेलं घेऊन कोसळलेली, आणि तिच्याभोवती तिची माणसं. सगळ्यांनी ऐकलं. दुर्गेश्वरीने एकदा त्यांच्याकडे, एकदा लादीकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "सुनंदा सिस्टर भेजी हैं." कोणी आडवं आलं नाही. निखिलने एक कोपरा धरला, सकाळपासून तो रडला नव्हता, तिथे रडला. म्हणजे बघा, जिवंत बाईला बर्फ मिळायला आमच्या घरी मयत व्हावी लागली. ती बाई वाचली असं दुर्गेश्वरीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

यापुढचं सांगते आणि थांबते. तेरावं झाल्यावर रुग्णालयाने शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, समई, आणि भाषणं… सेवेची मूर्ती, ममतेचा सागर. वहिनी आणि ममता. ती ऐकत असती तर पत्ते पिसत म्हणाली असती, "कोणाची गोष्ट चालू आहे?" चौकशी करणारे ते गृहस्थही बोलले. म्हणाले, संस्था उनकी ऋणी रहेगी. आणि मग मंचावरच्यांना पाणी आलं, थंडगार, बाटल्यांवर दव. ते कुठून आलं म्हणून मी बघितलं. मंचामागे पांढरा, जाड भिंतींचा, झाकणाचा, माणूस बसेल एवढा डबा होता. बर्फाने काठोकाठ भरलेला. मी दुर्गेश्वरीला विचारलं, हा भाड्याने आणला का. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नहीं, दीदी. स्टोर का है. बड़े लोगों के दौरे में निकालते हैं." म्हणजे होता. ती दर वर्षी ज्याच्यासाठी अर्ज करत होती तो डबा त्याच इमारतीत, भांडारात कुलपात पडलेला होता. मी उभी राहिले. शाळेत वर्षानुवर्षं कमावलेल्या आवाजात विचारलं, "साहब, ये बर्फ किस खर्चे में बैठता है?" उत्तर द्यायला चौकशीवाले गृहस्थच पुढे झाले. ते म्हणाले, "हम आपकी भावना समझ सकते हैं." मी म्हटलं, भावना नको समजू, डबा समज. मराठीत म्हटलं, त्यामुळे त्यांना कळलं नाही, निखिलला कळलं. आम्ही दोघांनी बाटल्या तिथेच मंचावर ओळीने काढून ठेवल्या, डबा दोन्ही कडांनी धरला, आणि ढकलत, उचलत कॅज्युअल्टीत नेऊन ताडपत्रीशेजारी ठेवला. चोरी म्हणायची तर म्हणा. अजून कोणी मागायला आलेलं नाही. आलं तर मी आहे.

निखिल पुण्याला परत गेला. दादा ओट्यापाशी दोन कप मांडतो आणि एक पुन्हा आत ठेवतो. नौतपा संपला तरी ऊन हटलेलं नाही, आणि डबा भरलेला ठेवायचा तर रोज सकाळी कोणीतरी फोन करायला हवा. वहिनीच्या मोबाइलमधून मनहरणचा नंबर मी माझ्या फोनवर घेतला. पहिल्या दिवशी लावला तेव्हा त्याच्यासाठी तो अनोळखी नंबर होता. मी पत्ता सांगितला, रुग्णालयाचा. त्याने सवयीने विचारलं, "मिट्टी कितने बजे है, दीदी?" माझं तोंड उघडलं ते त्याच्यावर ओरडायला. पण आलं ते दुसरंच, तिचंच, तिच्याच सुरात. "मिट्टी नहीं है, भैया. न हो, इसलिए मंगा रही हूँ."

पलीकडे ठेल्याची चाकं थांबली. मग तो म्हणाला, "हव, दीदी. पहले आप ही के यहाँ उतारता हूँ."